स्वतःचा दहा टायर ट्रक घ्यावा का? चाकण–बेंगळुरू लाईन, सल्ला हवा

स्टेअरिंगवाला

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्यातली सात वर्षं चाकणच्या एकाच मालकाकडं, चाकण–बेंगळुरू लाईनवर. पगार २४ हजार, खर्ची वेगळी. मालकांकडं सहा गाड्या आहेत. त्यातली २०१९ ची एक दहा टायर ते विकायला काढतायत, आणि म्हणाले, बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच घे. किंमत साडेचौदा लाख. माझ्याकडं ४ लाख साठलेत. उरलेल्या साडेदहा लाखांना फायनान्सवाला तयार आहे, तीन वर्षांचा हप्ता महिना ३७ हजार सांगतोय.

गाडी चालवायची मला भीती नाही. हिशेबाची आहे. एका गाडीवर घर चालतं का? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. बायकोला मी अजून "बघतोय" एवढंच सांगितलंय.

नवा_गडी

घे बिनधास्त. आपली गाडी ती आपली गाडी. मागं काय लिहिणार ते आधी ठरव.

स्टेअरिंगवाला

@नवा_गडी "आई-वडिलांची पुण्याई". ते अकरा वर्षांपूर्वीच ठरलंय.

निगडीचा_आबा

बाळा, मी १९८८ ला सहा चाकीवर सुरुवात केली, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात. त्या वेळी आमचे दिवस जकात नाक्यावर जायचे. रात्री दहाला लाईनीत लागलो तर पहाटे गाडी सुटायची, पावती फाडायला पुन्हा वेगळी रांग. २०१३ ला पुण्यात जकात गेली आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१७ ला जीएसटी आला. आम्हाला वाटलं, आता गाडी पळणार.

रस्त्यावर पळते खरी. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाला, टोलनाक्याचाही वेळ वाचला. पण वाचलेला सगळा वेळ आता कारखान्याच्या गेटवर जातो. नाक्यावर निदान पहाटे सुटणार हे माहीत असायचं. गेटवर कुणी काही सांगत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घर चालतं. माझं चाललं, दोन पोरं शिकली. पण महिन्यात खेपा किती होतात ते मला सांग. बाकी सगळं नंतर.

स्टेअरिंगवाला

आबा, मनात धरून चाललोय चार. एक खेप म्हणजे जाऊन-येऊन सात दिवस.

हिशेबवही

दादा, मी भोसरीत राहते. आमची पण दहा टायर आहे, हे चालवतात आणि वही मी बघते. सहा वर्षं झाली. तुमच्या लाईनचाच हिशेब मांडते. आकडे आमच्या वहीतले आहेत, तुमचे थोडे इकडे-तिकडे होतील.

१८ टन माल धरून जाताना भाडं ४० हजार, येताना ३४ हजार. एकूण ७४ हजार. येतानाचं भाडं कायम कमीच मिळतं, कारण बेंगळुरूहून पुण्याकडं तोंड करून उभ्या गाड्या जास्त आणि माल कमी.

डिझेल: जाऊन-येऊन १,७०० किलोमीटर, भरलेल्या गाडीला ४ चं ॲव्हरेज, म्हणजे ४२५ लिटर. ९० रुपयांनी ३८,२५०. टोल ९ हजार. दलालाचं कमिशन २ हजार. वारई (माल उतरवणाऱ्या हमालांचे पैसे), काटा (गाडीचं वजन करणं), ताडपत्री-दोर मिळून अडीच हजार. जेवणखाण, पार्किंग, बारीकसारीक ४ हजार. सगळी बेरीज ५५,७५०. हातात राहिले १८,२५०. चार खेपांचे ७३ हजार.

इथपर्यंत सगळेच मांडतात आणि खूश होतात. आता पुढचं. हप्ता ३७ हजार. इन्शुरन्स वर्षाला ७२ हजार धरा (त्यात नुसत्या थर्ड पार्टीचेच ४४ हजाराच्या आसपास जातात), म्हणजे महिना ६ हजार. टायर: पुढं नवे आणि मागं रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) वापरून आम्हाला किलोमीटरला १ रुपया ६० पैसे पडतात, म्हणजे महिना ११ हजार. हे पैसे रोज खिशातून जात नाहीत म्हणून दिसत नाहीत, पण एके दिवशी सहा टायर एकदम टेकतात. परमिट, टॅक्स, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) ३ हजार. ग्रीसिंग, ऑईल, दुरुस्ती ८ हजार. झाले ६५ हजार.

७३ वजा ६५. आठ हजार राहिले. आणि आज तुम्हाला पगार २४ हजार आहे.

नवा_गडी

बाप रे.

हिशेबवही

अजून संपलं नाही. खेपा चारच्या तीन झाल्या तर ५४,७५० येतात आणि खर्च ६२ हजारांवर जातो, कारण टायरचे थोडे पैसे वाचले तरी हप्ता-इन्शुरन्स तसेच राहतात. म्हणजे महिनाभर गाडी चालवून साडेसात हजार खिशातून भरायचे. घरात येणारा सगळा पैसा चौथ्या खेपेचा असतो. आबांनी म्हणून तोच प्रश्न आधी विचारला.

रांजणगाव_लोकल

ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण म्हणूनच मी लांबची लाईन सोडली. माझी १७ फुटी आयशर एका कारखान्याला मंथलीवर लावली आहे. रांजणगाव–भोसरी–चाकण, महिन्याला ठरलेले किलोमीटर, त्यावर गेलं तर किलोमीटरमागे वेगळे. भाडं कमी, पण दर महिन्याला ठरल्यासारखं येतं, आणि रात्री घरी जेवतो. पोरीचा अभ्यास घेतो. स्टेअरिंगवाले, तुमच्या ४ लाखांत आयशरचा हप्ता निम्म्यावर येईल.

निगडीचा_आबा

@रांजणगाव_लोकल मंथली चांगलीच, पण एका पार्टीच्या जिवावर. कारखान्यानं ट्रान्सपोर्टर बदलला की दुसऱ्या दिवशी गाडी गेटबाहेर. आमच्या गल्लीत दोघांचं तसं झालं.

रांजणगाव_लोकल

मान्य आहे, आबा. म्हणून मी करार संपायच्या तीन महिने आधीपासून दुसरीकडं बोलणी चालू ठेवतो.

जमाखर्च

मी टॅक्सची कामं करतो, चार-पाच ट्रकवाले माझ्याकडं आहेत. तीन गोष्टी लिहितो.

पहिली फायनान्सची. साडेदहा लाख, तीन वर्षं, ३७ हजार म्हणजे तो तुम्हाला सपाट ९ टक्क्यांनी देतोय. साडेदहा लाखांवर ९ टक्के, तीन वर्षांचे २,८३,५०० व्याज, ते मुद्दलात मिळवून ३६ ने भागलं की ३७,०४२ येतात. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साडेदहा लाखांवर लावलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर बघितलं तर हा दर १६ टक्क्यांच्या पुढं जातो. हेच कर्ज घटत्या शिल्लकीवर १४ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ३५,९०० च्या आत येईल. ऐकायला ९ कमी आणि १४ जास्त वाटतं, म्हणून माणूस फसतो. सही करण्याआधी "घटत्या शिल्लकीवर दर किती" हा प्रश्न तोंडी नव्हे, लेखी विचारा. प्रोसेसिंग फी आणि कर्ज लवकर फेडलं तर दंड किती, हेही.

दुसरी टॅक्सची. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला प्राप्तिकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एई) हिशेबाची पुस्तकं न ठेवता अंदाजित उत्पन्न दाखवता येतं. १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला दर टनामागे महिना हजार रुपये. साडेअठ्ठावीस टनांच्या गाडीला महिना २८,५००, वर्षाला ३ लाख ४२ हजार. गाडी महिनाभर गॅरेजात उभी असली तरी तो महिना मोजतात. नव्या पद्धतीत एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण रिटर्न भराच. पुढच्या गाडीला बँक तेच मागते. आणि दहापर्यंत गाड्या असतील तर ट्रान्सपोर्टरला पॅनसह लेखी घोषणापत्र द्या, म्हणजे तो टीडीएस कापणार नाही. बऱ्याच जणांचा टीडीएस निव्वळ हा एक कागद न दिल्यामुळं कापला जातो.

तिसरी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. फुकट होते. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. त्यामुळं मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले आता जरा ऐकतात.

हिशेबवही

@जमाखर्च उद्यमचं आम्हाला माहीत नव्हतं, या आठवड्यात करते. पण भाऊ, त्यासाठी बिल आपल्या नावाचं हवं. दलालाकडून भाडं घेतलं तर कागदावर आपण कुठंच नसतो. पन्नास टक्के ॲडव्हान्स मिळतो, उरलेला बॅलन्स पोच पोहोचल्यावर. पोच म्हणजे माल उतरवल्याची सही-शिक्क्याची बिल्टी, मालासोबतची पावती. ती पावसात भिजली, शिक्का पुसट आला, कोपरा फाटला की पैसे अडले. म्हणून मी यांना प्लॅस्टिकची फाईल दिली आहे आणि शिक्का बसला की तिथंच फोटो पाठवायला सांगते.

जमाखर्च

खरं आहे, ताई. कागद नाही तर कायदाही नाही.

कोथरूडकर

मी ट्रकवाला नाही, पण धागा वाचतोय. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. एक्सप्रेसवेवर तीन लेन असताना ट्रक उजव्या लेनमध्ये का येतात? घाटात तर गाडी पुढं काढताच येत नाही.

कात्रजचा_घाट

@कोथरूडकर ते चूकच आहे, मी समर्थन करणार नाही. कारण एवढंच सांगतो. भरलेली गाडी बोरघाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढत असते. पुढं तिच्यापेक्षा जड ट्रेलर पहिल्यावर चढत असेल आणि आपण त्याच्या मागं थांबलो, तर मोमेंटम जातो आणि क्लचप्लेट जळते. म्हणून ड्रायव्हर मधल्या लेनमध्ये येतो, आणि मधल्या लेनमध्ये आधीच एक असतो. तरीही शेवटच्या लेनमध्ये जायचं कारण नाही. मी स्वतः मागं थांबतो. क्लचप्लेट बदलता येते.

आता मुद्द्याचं, स्टेअरिंगवाले. हिशेब बघितल्यावर माणूस पहिल्यांदा डिझेल वाचवायला जातो. मालकाच्या गाडीवर तुम्ही कधी केलं नसेल, पण स्वतःच्या गाडीवर मोह होतो. साताऱ्याकडून येताना नवा कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे. तिथं गाडी न्यूट्रल करून सोडणारे मी डोळ्यांनी बघितलेत. शंभर-दीडशे रुपयांचं डिझेल वाचतं. पण गिअर काढला की इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर आला. ड्रम तापतो, लाईनर तापतो, आधी जळका वास येतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट, कारण हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टेअरिंग दगडासारखं होतं. त्या उतारावर पुढं सिग्नलसारखी थांबलेली गर्दी असते, लहान गाड्या असतात, सर्व्हिस रोडवरून आलेल्या दुचाकी असतात. किती माणसं तिथं गेली ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे.

ज्या गिअरवर तो घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरायचं. माझ्या वस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

स्टेअरिंगवाला

@कात्रजचा_घाट वचन देतो, भाऊ. त्या उतारावर माझ्यासमोर एक झालंय २०२२ ला. माझी गाडी दोनशे फूट मागं होती. मी उतरून पळत गेलो होतो. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

गॅरेजवाला_मोशी

गाडी बघायला गेलास की मालकाला वेळ सांगू नको. सकाळी लवकर जा. आधी इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर तुझ्यासाठी तापवून ठेवलंय, उद्या परत जा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठतंय का बघ. चालू असताना ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढ. थोडी वाफ चालते. भपकाभपका धूर आणि ऑईलचे शिंतोडे उडाले तर पिस्टन-रिंगा गेल्यात, लाखाच्या पुढचं काम आहे.

मग खाली घुस. चेसीवर क्रॉसमेंबरच्या जवळ, मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ नवा रंग दिसला तर पान्याच्या टोकानं खरवड. खाली वेल्डिंग सापडलं की ओव्हरलोड चाललेली गाडी. हौद्याचा पुढचा भाग आणि केबिनमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे का मोज. फाळका बंद करताना तिरका बसत असेल तर बॉडी पिळलेली असते. प्रत्येक टायर टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) ठोकून बघ, आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आला तर आतून पट्टी सुटलेली.

तू सहा वर्षं त्या मालकाकडं आहेस, ही गाडी कोण चालवत होता ते तुला माहीत असणार. त्या ड्रायव्हरला चहा पाज. जे मी तासाभरात शोधीन ते तो दोन मिनिटांत सांगेल.

स्टेअरिंगवाला

सात वर्षं, दादा. आणि तो ड्रायव्हर माझा मेहुणा लागतो.

गॅरेजवाला_मोशी

मग बाकी सगळं राहू दे, घरी जेवायला बोलव त्याला.

जमाखर्च

कागदांचं राहिलं. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, किती लिहिलंय ते बघा. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं तीन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेलं. २०१९ ची गाडी म्हणजे २८.५ असायला हवं. जुन्या फायनान्सचा बोजा उतरलाय का, ई-चलनं थकलीत का, हे परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. चलनं बाकी असतील तर ती कुणी भरायची ते नाव लागण्याआधीच ठरवून घ्या. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असतं, पुढं दरवर्षी. ही गाडी २०२७ ला आठ पूर्ण करेल, तो खर्च धरा. मालकाच्या नावाचा फास्टॅग बंद करून तुमच्या नावाचा घ्या.

नवा_गडी

एक विचारतो, रागावू नका. सगळे ताईंच्या हिशेबात १८ टन धरतायत. लाईनवर २२-२३ टन भरून जाणारे रोज दिसतात. चार टन जास्त भरले तर हप्ता निघत नाही का?

निगडीचा_आबा

निघतो. आणि एका चलनात पाऊण हप्ता जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. चार टन म्हणजे २८ हजार, वर जास्तीचा माल तिथंच उतरवायचा. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला काटापावती मागतो. पाटे, टायर, हब यांचं आयुष्य निम्मं होतं, ते गॅरेजवाल्याला विचार.

आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की ओव्हरलोड भरणाऱ्यामुळं भाव पडतो. पार्टी म्हणते, "तो २३ टन नेतो त्याच पैशांत." २०१८ ला वजन वाढवलं तेव्हाही तेच झालं. एका रात्रीत प्रत्येक गाडीत साडेतीन टनांची जागा वाढली, माल तेवढाच होता. टनाचा भाव खाली आला तो कित्येक महिने वर गेला नाही. मोठ्या फ्लीटवाल्यांनी सोसलं, एका गाडीवाल्यांच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी खंबाटकीच्या अलीकडं ढाब्यावर उभी असताना नेली. तो जेवत होता. हात धुऊन बाहेर आला तर जागेवर ऑईलचा डाग फक्त.

रांजणगाव_लोकल

वारईबद्दल पण लिहा कोणीतरी. उतरवणाऱ्याला पैसे ट्रकवाल्यानं का द्यायचे? माल त्याचा नाही, गोदाम त्याचं नाही.

कात्रजचा_घाट

@रांजणगाव_लोकल "जिसका माल उसका हमाल" ही घोषणा त्यातूनच आली. पण भांडण हमालाशी करू नका एवढी विनंती. १९६९ चा माथाडी कायदा होण्याआधी त्या माणसाला ना मजुरीचा भरवसा होता ना म्हातारपणाचा. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेतलेला माणूस आणि आपण एकाच ताटात जेवतो. मी मार्केटयार्डात माल उतरवला की हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर मध्ये जेवतो, बाबा आढावांनी उभं केलेलं काम आहे ते. शेजारी हमालच बसलेला असतो. वारई कुणी द्यायची हे भाडं ठरवताना मालवाल्याकडून वदवून घ्यायचं आणि बिल्टीवर लिहून घ्यायचं. गोदामात पोचल्यावर वाद घालून उपयोग नाही.

हिशेबवही

मी मुद्दाम थांबले होते, कारण गेटचा विषय नीट लिहायचा होता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. चाकणच्या एका प्लँटला माल घेऊन हे गुरुवारी संध्याकाळी सहाला पोहोचले. टोकन मिळालं. रात्री आत घेतील म्हणाले. शुक्रवारी सकाळी सांगितलं, क्वालिटीवाले आले नाहीत. दुपारी सांगितलं, गाडी लावायला जागा नाही. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. सोमवारी दुपारी तीनला गाडी रिकामी झाली. एवढे दिवस हे केबिनमध्ये. बाहेर संडास नाही, पाणी विकत. घर पंधरा किलोमीटरवर, पण गाडी सोडून येता येत नाही, कारण नंबर पुकारला आणि ड्रायव्हर नसला तर टोकन मागं जातं. मी शनिवारी रिक्षानं डबा घेऊन गेले. गेटच्या भिंतीला लागून चाळीसएक गाड्या होत्या, आणि प्रत्येक गाडीच्या सावलीत एकेक माणूस बसलेला.

ती त्या महिन्याची चौथी खेप होती, म्हणजे ती झालीच नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, मागितलं तर ट्रान्सपोर्टर म्हणाला प्लँटला विचारतो. आजपर्यंत विचारतोय.

त्यानंतर मी नियम केला. भाडं ठरतानाच बिल्टीवर लिहून घ्यायचं: पोहोचल्यापासून २४ तास मोफत, पुढं दिवसाला २ हजार हॉल्टिंग. गेटवर गाडी पोहोचली की यांनी रजिस्टरमधल्या नोंदीचा वेळेसकट फोटो काढायचा आणि त्याच मिनिटाला मला पाठवायचा. मी तो लगेच ट्रान्सपोर्टरला पाठवते, खाली एक ओळ लिहिते, "गाडी पोहोचली, वेळ मोजायला सुरुवात." तेव्हापासून सात वेळा हॉल्टिंग मागितलं, चार वेळा मिळालं. तीन पार्ट्यांनी माल देणं बंद केलं. त्या तीन गेल्याचं मला दुःख नाही, कारण वहीत बघितलं तर त्यांच्याच गेटवर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले होते.

दादा, तुम्ही गाडी घ्यायच्या आधी एक काम करा. आत्ता ज्या गाडीवर आहात तिची दोन महिने वही ठेवा. पैसे नका लिहू, दिवस लिहा. किती दिवस चाकं फिरली आणि किती दिवस उभी राहिली. चार खेपा खरंच होतात का ते कळेल.

निगडीचा_आबा

पोरी, माझ्या तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. मी डिझेल आणि टायर लिहीत बसलो.

स्टेअरिंगवाला

ताई, उद्यापासून लिहितो. मालकांना दसऱ्यापर्यंत थांबायला सांगतो.

नवा_गडी

धागा वर आणतोय. स्टेअरिंगवाले, काय झालं?

स्टेअरिंगवाला

आलो, मंडळी. बेंगळुरूबाहेर नेलमंगलाजवळ परतीच्या मालासाठी तिसरा दिवस आहे, तिथूनच लिहितोय.

वही पूर्ण झाली. एकसष्ट दिवस. चाकं फिरली २९ दिवस. माल भरणं-उतरवणं ९ दिवस. नुसती वाट बघणं १७ दिवस, त्यातले ८ चाकणच्या गेटवर आणि ९ इकडं बेंगळुरूला परतीच्या मालासाठी. दुरुस्ती आणि घर ६ दिवस. खेपा झाल्या सात, म्हणजे महिन्याला साडेतीन. चार कधीच होत नव्हत्या. सात वर्षं मी चार समजत होतो, कारण उभं राहिल्याचा पगार मालक देत होते आणि मला ते कधी मोजावं लागलं नाही. मालकांना वही दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत बसले.

साडेतीन खेपांवर ३७ हजारांचा हप्ता भरून घरात काहीच उरत नाही. बायकोला सगळं सांगितलं, ताईंचा हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, मग कर्जच कमी घ्या. तिच्या भिशीचे एक लाख आले, गावाकडच्या पतसंस्थेतली दीड लाखाची ठेव मोडली. मेहुणा जेवायला आला तेव्हा गिअरबॉक्सचा आवाज सांगितला, मोशीच्या दादांनी येऊन बघितला, त्यावर किंमत १४ लाखांवर आली. साडेसहा लाख रोख आणि साडेसात लाख कर्ज. एका सहकारी बँकेत घटत्या शिल्लकीवर साडेतेरा टक्क्यांनी, चार वर्षं. लेखी घेतलं. हप्ता २०,३०० च्या आसपास.

साडेतीन खेपा धरून सगळा खर्च जाऊन १७ हजार राहतात. पगारापेक्षा सात हजार कमी. चार वर्षं हे चालवावं लागेल, ते आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. गिअरबॉक्सच्या कामाचे पैसे वेगळे ठेवलेत. वही बायको ठेवणार.

जमाखर्च

बरोबर बसतंय. गणित मी पुन्हा करून बघितलं. घोषणापत्राचा नमुना निरोपात पाठवतो.

हिशेबवही

वहिनींना माझा नंबर द्या. पहिल्या पानावर चौकोन कसे आखायचे ते मी त्यांना सांगते. आणि बेंगळुरूचे ९ दिवस कमी करायचे असतील तर निघण्याआधी दोन दिवस परतीच्या मालाचे फोन सुरू करायचे, पोहोचल्यावर नाही. ते काम पण वहिनीच घरून करू शकतात, मी करते.

रांजणगाव_लोकल

अभिनंदन, भाऊ. कधी मंथली हवी असेल तर सांगा.

गॅरेजवाला_मोशी

गिअरबॉक्स उतरवायला सोमवारी गाडी घेऊन ये, सिंक्रो रिंगा मागवल्यात. ताडपत्री मात्र जुनी घेऊ नको, मालकाकडची मधे तीन ठिकाणी चिरलीय. मी बघितलीय.

स्टेअरिंगवाला

सोमवारी येतो, दादा. आत्ताच फोन आला, माल मिळाला. भरायला चाललो.